आईचा पाट

रविवार, १४ ऑक्टोबर १९८४, नाशिक

माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या वसंताला घेऊन घोटीला जीप बघून आलो. उघडी, खाकी, माझ्यासारखीच धसमुसळी. घाटात चालवताना कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसलो. शाळा, शेत, सगळ्यालाच सोयीची. घ्यायचीच, असं ठरवून खाली उतरलो.

तेवढ्यात जीपच्या मालकाने विचारलं, "सर, पिशवीत काय हाय?"

पाट. आईचा पाट. गाडी बघायला निघालो की तो बरोबर घ्यायचा आणि पायरीखाली ठेवून आईला चढता येतं का बघायचं, ही चार वर्षांची सवय. गुडघ्यांमुळे तिला जीप कधी जमलीच नाही. पण आई तर चैत्रातच गेली. मग आज सकाळी पाट पिशवीत घातला कोणी? मीच ना? आठवत कसं नाही?

वसंता हळूच म्हणाला, "आता तरी तुझ्या मनासारखी घे की रे."

मी पाट काढून जीपच्या पायरीखाली ठेवला. हात पुढे करून उभा राहिलो.

मग मालकाला म्हटलं, "नको. पायरी फार उंच आहे."