शर्यत जिथे थांबते ते अंगण

शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना पुढे शिकवणाऱ्या आमच्या कॉलेजात गणित शिकवून आणि मैदान सांभाळून निवृत्त झालेली मी, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर बसून एक वर्गसमीकरण सोडवावं, मी तपासून देईन. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दोघांनी ते आणून पाहिलं, त्यांचा समाचार योग्य त्या कलमात घेतला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते.

सर्वांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर जोडले आहेत. इथे मी ज्याला ज्या नावाने हाक मारते तेच लिहीन. मला विद्यार्थी शिट्टीबाई म्हणत आणि ते मला ठाऊक नाही असं समजत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. शाळेत ही गणितात इतक्यांदा नापास झाली की घरच्यांनी मोजणं सोडून दिलं. आमच्या संध्याकाळच्या वर्गात आली, पास झाली, आणि पुढे कायदा शिकली. तिने माझ्याकडून फी घेऊ नये असं तिला वाटतं. तिने ती घ्यावी असं मला वाटतं. मृत्युपत्र माझं आहे.

कलम २. पुस्तकं, फळ्यावरची मोठी लाकडी कंपासपेटी आणि भिंतीवरचं घड्याळ कॉलेजच्या गणित विभागाला. घड्याळ थोडं पुढे आहे. ते मुद्दाम आहे, कोणी दुरुस्त करू नये.

कलम ३. वरच्या रस्त्यावरच्या मोठ्या कॉलेजला त्यांनीच आम्हाला दिलेली ‘उत्तेजनार्थ’ ढाल परत द्यावी. पुसून द्यावी. त्यांच्या प्राचार्यांनी बक्षीस समारंभात भर मंडपात आमचा उल्लेख ‘उरल्यासुरल्यांचं कॉलेज’ असा केला होता. लोक हसले. आमची मुलं पहिल्या रांगेत बसली होती. मी उत्तर मैदानावर द्यायचं ठरवलं. त्याला वेळ लागला, कारण आमच्या वाटेत एक भिंत होती. ती माझ्याच घराची होती.

कलम ४. आता घर आणि अंगण. हे सावकाश वाचावं.

आमचं मैदान माझ्या घराच्या मागे संपतं. शंभर मीटरची सरळ वाट त्यात जेमतेम बसते. रेषा ओलांडली की चार ढांगांवर माझ्या वडिलांनी बांधलेली विटांची भिंत होती. आमची मुलं सरावात वाऱ्यासारखी सुटायची आणि बाहेरच्या स्पर्धेत शेवटच्या क्षणी मागे पडायची. दर वर्षी तेच. मी आहार बदलून पाहिला, बूट बदलले, रागावून तर रोजच पाहिलं.

एका वर्षी वेल्डिंगच्या वर्गातली एक मुलगी धावत होती. धावताना इतका आवाज करत श्वास घ्यायची की सगळे तिला इंजिन म्हणत. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि रेषेजवळ दुसरी आली. मी तिला बाजूला घेतलं.

“दमलीस?”

“नाही बाई.”

“मग पाय का आखडले?”

ती मग म्हणाली, “रेषा दिसली की भिंत दिसते, बाई.”

“इथे कुठे भिंत आहे?”

“इथे नाही. पण पायांना कुठे माहितेय?”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर उभी राहून मी सराव पाहिला. सगळीच्या सगळी पोरं रेषेच्या आधी वेग आवरत होती. डोकं फुटू नये म्हणून. इतकी वर्षं आम्ही त्यांना शर्यत संपायच्या आधी थांबायला शिकवत होतो आणि वर त्यांनाच बोल लावत होतो.

मी गवंडी बोलावला. माझ्यासोबत राहणारी धाकटी बहीण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “ताई, भिंत पाडलीस तर कपडे कुठे वाळत घालू?”

“गच्चीवर.”

“आणि चोर आले तर?”

“आमच्या पोरांच्या पुढे पळून दाखवू देत.”

भिंतीच्या जागी रुंद फाटक बसलं. सरावाच्या वेळी ते सताड उघडं. मुलं रेषा ओलांडून पूर्ण वेगाने माझ्या अंगणात शिरायची आणि स्वयंपाकघराच्या पायरीपाशी थांबायची. महिनाभर कुरकुर केलेली बहीण पुढे स्वतःच पाण्याची कळशी घेऊन पायरीवर बसायची, आणि उशिरा येणाऱ्याला म्हणायची, “काय रे, वाटेत झोप काढलीस?”

पुढच्या वर्षी इंजिन जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात. रिले संघाने मोठ्या कॉलेजला सलग इतकी वर्षं हरवलं की त्यांनी ढाल ठेवायचं कपाट आम्हाला विकायला काढलं. हे मी विनोदाने लिहीत नाही. कपाट आमच्या प्राचार्यांच्या खोलीत आहे.

वर्गातही तेच निघालं. उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिल्या, तर आमची मुलं शेवटचं गणित वाचतही नव्हती. ते आपल्यासाठी नसतंच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी महिनाभर रोज शेवटच्या गणितापासून शिकवायला सुरुवात केली. त्या वर्षी संध्याकाळच्या वर्गाचा निकाल मोठ्या कॉलेजच्या वर गेला, आणि नळजोडणीच्या वर्गातला एक बाप्या, ज्याची मुलगी त्याच परीक्षेला बसली होती, गणितात राज्यात पहिला आला. मुलगी दुसरी. घरात आठ दिवस बोलत नव्हती म्हणे. मोठ्या कॉलेजच्या त्या प्राचार्यांचा धाकटा मुलगा पुढे आमच्याकडे आराखडे काढायला शिकला. चांगला शिकला. मी त्याला एकदाही टोमणा मारला नाही, याची नोंद व्हावी.

आता ज्यांनी दडपण आणलं ते दोघे. कॉलेजचे सध्याचे अध्यक्ष पेढीवरून उठून आल्यासारखे हात चोळत आले. “बाई, अंगण द्या. तुमच्या नावाचं सभागृह बांधू.”

“सभागृहात धावणार कोण?”

“धावायला गावाबाहेर जागा बघू की.”

दुसरा माझा भाचा, आता हयात नसलेल्या त्या बहिणीचाच मुलगा. तो घरं विकतो आणि माझंही त्याच्या नजरेत आहे. “मावशी, ते फाटक बंद कर आणि भिंत घाल. दिवसभर पोरं अंगणात. असं घर दाखवलं तर गिऱ्हाईक पळून जाईल.”

“जाऊ दे. इथे पळायचीच पद्धत आहे.”

अंगण हयातीतच का दिलं नाही, असं लोक विचारतात. दिलं असतं तर आजवर तिथे गाड्या लागल्या असत्या. म्हणून व्यवस्था अशी:

घर भाच्याला. मागचं अंगण, फाटकापासून पायरीपर्यंत, कॉलेजला, केवळ धावणाऱ्यांना थांबायला. कॉलेजने तिथे काही बांधलं, गाड्या लावल्या, किंवा शर्यतीची सरळ वाट तोडली, तर अंगण त्याच दिवसापासून भाच्याचं. आणि भाच्याने किंवा त्याच्याकडून घर घेणाऱ्याने फाटक अडवलं किंवा भिंत घातली, तर घर कॉलेजचं.

म्हणजे दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा. माणसांच्या चांगुलपणावर मी विसंबत नाही. त्यांच्या लोभावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्याने मला कधी दगा दिलेला नाही.

भाच्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, म्हणजे तू मला रखवालदार केलंस.”

“पगारी. घरासकट.”

तो हसला. जाताना फाटक ढकलून पाहिलं आणि म्हणाला, “कुरकुरतंय. तेल घालायला हवं.” त्याची आई त्याला त्याच पायरीवर बसून भरवायची. ते त्याच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

कलम ५. शिट्टी इंजिनला. ती आता आमच्याकडेच वेल्डिंग शिकवते आणि संध्याकाळी मैदान सांभाळते. तिला या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं होतं. होता येत नाही, कारण तिला वस्तू मिळते आहे. “मग शिट्टी नको, सही करते,” म्हणाली. शिट्टी घ्यावी. सही काय, कोणीही करतं.

कलम ६. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर अध्यक्षांना शेवटी बोलायला द्यावं, म्हणजे लोक उठून गेलेले असतील. कॉलेजला सुट्टी देऊ नये. सरावाच्या वेळी मी गेले, तर सराव थांबवू नये आणि फाटक लावू नये. मला पुढच्या दाराने न्यावं. मागचं वापरात असेल.

वर लिहिलेलं सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार: शिट्टीबाई (पूर्ण सही जोडपानावर)

साक्षीदार पहिली: माझ्यावर उपचार करणारी डॉक्टर. मी शुद्धीत असल्याचं तिने लिहून दिलं आहे. ‘गरजेपेक्षा जास्त’ हे शब्द तिचे.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा बेकरीवाला. आमच्या कॉलेजात हिशेब शिकला. शेवटचं गणित सोडवलं होतं.

ठिकाण: स्वयंपाकघराची पायरी, फाटक उघडं.
दिनांक: निवड चाचणीचा दिवस, मुलींची शंभर मीटर सुटण्याआधी.