काळदंतांची पिल्लं

१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग वगैरे राहू दे, साधा नमस्कार घे. इकडे सगळे ठीक. वहिनीचे पाय सुजलेत, पण बाळ पोटात मजेत हातपाय झाडतंय. तू गॅरेजात झोपतोस हे तुझ्या मिस्त्रीकडून कळलं. टायरांवर झोप लागते का रे?

तुझं नाक कसं आहे हे विचारायचं नाही, असं ठरवून बसले होते. विचारलंच.

तू गोष्ट रचतोस आणि आम्ही त्यातली पात्रं होऊन फासे टाकतो, त्या आपल्या खेळाबद्दल बोलू. तू रचलेल्या जगात काळदंत राक्षस जन्मतःच दुष्ट. त्यांच्याशी बोलणी नाहीत, दया नाही. आणि आपल्या टेबलाचा नियम असा, की जो मारेल त्यानेच ते मरण सविस्तर सांगायचं. इतकी वर्षं मी सांगत आले. कुऱ्हाड गळ्यात कुठवर रुतली, दात कसे विखुरले, सगळं. त्या रविवारी गुहेत नुसती त्यांची पिल्लं होती. फासे माझ्या बाजूने पडले आणि तू म्हणालास, "हं, सांग."

एकाचं डोकं दगडावर आपटल्याचं मी सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी मी फासे बाजूला सारले.

"बाकीची नाही मारणार मी. यांनी काय केलंय?"

"करतील. रक्तच तसलं आहे."

"कुणाचं? बाबांचं?"

बोलले ते बरंच झालं. तुझ्या काळदंतांचा सरदार कुणालाही मारण्याआधी दाराला कडी घालतो, मग पट्टा हाताला गुंडाळतो. त्याला ओळखायला मला कितीसा वेळ लागणार होता?

तू ठोसा मारलास. माझा ओठ फाटला, टाके पडले. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं वहिनीने कुणाला सांगितलेलं नाही, आणि मीही इतका वेळ टाळतेय. तू स्वतःच्या मुठीकडे बघत उभा होतास, तेव्हा मी फाशांची लाकडी पेटी उचलून तुझ्या नाकावर हाणली. तू पडलास. पडल्यावरही हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, दादा. फार बरं वाटलं. पुन्हा उगारली तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "अगं, तो उठत नाहीये." मी पेटी खाली ठेवली.

जाताना रक्त पुसत तू म्हणालास, "बाळाला माझ्यासारखा बाप नसलेलाच बरा." मग आत्यालाही घराबाहेर काढा की. ठोशाचा राग कधीच गेला. तू पळालास त्याचा जात नाही. बाबांचा हात कुणाच्याही शब्दाने कधी थांबला नव्हता. माझा थांबला. तुझा तर कुणी काही म्हणण्याआधीच थांबला होता, मी पाहिलंय.

घरी ये. वहिनी वाट बघतेय. तुझं नाव काढलं की चिडते, आणि ताट मात्र तुझंही मांडते. तिच्यावर किंवा बाळावर कधी हात उगारलास, तर मी पुन्हा मारेन, आणि तेव्हा थांबेन असा शब्द देत नाही. तू माझ्या बाबतीत तेच कर. आपल्या दोघांवर नजर ठेवायला दुसरं कोण आहे?

तुझ्याच रक्ताची,
धाकटी