जाळं विणणारीचा हात

११ फेब्रुवारी

प्रुएटबाई चुकल्या! चुकल्या, चुकल्या, चुकल्या!

हाताला अजून रबराचा वास येतोय, जेवलोही नाही, पण आधी हे लिहितो. याच बाईंनी ऑक्टोबरात भर वर्गात माझा निबंध दोन बोटांत धरला — मेलेला उंदीर धरावा तसा — आणि म्हणाल्या, "आर्वो, तू चित्र पाहिलेलंच नाहीस. तू संगणकाचा पडदा पाहिलायस." सगळे हसले. मी बॅग उचलली, बाहेर पडलो, परत गेलो नाही. तेव्हापासून दिवसभर टोइवोमामाच्या गॅरेजात बर्फात चालणारे टायर चढवतो आणि संध्याकाळी त्याच पडद्यावर कलेचा इतिहास शिकतो. संग्रहालयांची दालनं, व्याख्यानं, शंभर वर्षांपूर्वीचे कॅटलॉग, सगळं उघडं आहे. फुकट! कॉलेज हवंय कुणाला!

आज चित्रकर्ती हेड्डा रीबर्गचं 'जाळं विणणारी' हे चित्र शोधत होतो. वर्गातल्या मारितसाठी. दुसऱ्या कुणासाठी शोधणार! तिचा अख्खा प्रबंध या एका चित्रावर उभा आहे. हेड्डा डावखुरी होती, पत्रांत तसं आहे. चित्रातल्या बाईच्या डाव्या हातात जाळ्याची सुई आहे. म्हणजे ती कुणी कोळीण नाहीच, हेड्डा स्वतः आहे! हे मारितनं शोधलं. महिन्याभरात मिनिआपोलिसला मांडणार. परीक्षकांना पटलं तर शिष्यवृत्ती, आणि मग बॉस्टन.

पण मारित जे चित्र वापरते ते कॉलेजच्या साइटवरचं, बाईंच्या जुन्या स्लाइडवरून घेतलेलं. मला आणखी तीन साइटवर सापडलं. तिन्हीकडे अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलट. होडी दुसऱ्या अंगाला, सुई उजव्या हातात!

बाईंनी स्लाइड उलटी घातली. वर्गात एकदा दीपस्तंभ उलटा दाखवला होताच की. तेव्हा नाही कुणी हसलं!

१२ फेब्रुवारी

सांगितलं तर मारितचा प्रबंध कोसळतो. नाही सांगितलं तर मिनिआपोलिसला कुणीतरी उठून तिला हसेल.

खरं लिहायचं तर क्षणभर बरं वाटलं. बॉस्टन नाही म्हणजे ती इथेच, ड्युलुथमध्ये. थू माझ्यावर.

१४ फेब्रुवारी

काय मुहूर्त गाठला! जग गुलाब नेतं, मी तीन छापील कागद नेले.

तिनं कॉफीचा कप बाजूला सारला. तिन्ही कागद ओळीनं मांडले. मग —

"हे माझ्यासाठी शोधलंस की बाईंवर सूड म्हणून?"

"दोन्ही!"

"निदान खोटं तरी बोलायचंस."

मूळ चित्र दोन तासांवर, किनाऱ्यालगतच्या गावात. पण बर्फानं छप्पर खचलंय, संग्रहालय एप्रिलपर्यंत बंद. तिनं दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

"तीन साइट, मारित! तिन्ही एकदम कशा चुकतील?"

तिनं कागदांची घडी करून बॅगेत टाकली. मला वाटलं, जिंकलो. हे असलं जिंकणं!

१७ फेब्रुवारी

बाईंच्या खोलीत गेलो, मारितही होती. चार महिन्यांनी पाहिलं तर म्हणतात, "ये. बारीक झालास रे." संताप आला. मी भांडायला आलोय आणि या माझं वजन बघतायत!

स्लाइडच्या चौकटीवर कोपऱ्यात लाल ठिपका लावायची पद्धत असते. प्रोजेक्टरमध्ये घालताना अंगठा ठिपक्यावर आला की स्लाइड सुलट.

"लावला होता ठिपका?" मी.

"लावला असणार."

"मग दाखवा!"

"संगणकात घेतल्यावर कॉलेजनं सगळ्या स्लाइड फेकल्या." मग मारितकडे वळून म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशी साली त्या चित्रासमोर उभी राहून मी फोटो काढला. मला डावा हात आठवतो, बाळ. पण आठवणीवर शपथ घेणार नाही. माझ्या हातून स्लाइड उलट्या गेल्यात."

हरल्या! कबूल केलं!

दारातून निघताना मला विचारलं, "तिन्ही चित्रांच्या खालची ओळ वाचलीस ना?"

"वाचली."

नव्हती वाचली. बारीक अक्षरांत काहीबाही असतं. पहिल्या दिवसापासून बाईंचं तेच टुमणं — आधी चित्राखालची ओळ, मग चित्र. जा, नाही वाचत!

३ मार्च

मारितनं प्रबंधातून डावा हात काढून टाकला. बावीस पानं गेली. रडली नाही. कात्रीनं नखं कापावीत तशी शांतपणे पानं काढत होती. मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

९ मार्च

मिनिआपोलिस. मामाचा ट्रक मागून घेतला. "लग्नाला चाललायस का परीक्षेला?" म्हणाला, किल्ली फेकत. शर्ट इस्त्रीचा होता म्हणून.

मारित नीट बोलली. पण नुसती नीट. उरलं काय होतं? एक कोळीण, एक जाळं, छान रंग. परीक्षकांतला एक तर घड्याळ बघत होता. शिष्यवृत्ती विस्कॉन्सिनच्या एका पोराला मिळाली, चर्चच्या खिडक्यांवर बोलला. खिडक्यांवर!

शेवटी तिनं भर सभेत माझं नाव घेतलं. "माझी मोठी चूक आर्वो निएमेला यांनी दाखवली. ते कॉलेजात नाहीत, पण माझ्याहून बारकाईनं पाहतात." लोकांनी वळून पाहिलं. बाईंनीही. टाळ्या वाजवत होत्या, मनापासून! त्याचाच राग आला.

परतताना ट्रकमध्ये तिनं खांद्यावर डोकं टेकलं. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं मला. खोट्यावर बॉस्टन नको होतं."

ताशी चाळीसनं चालवला. रस्ता संपू नये म्हणून.

५ एप्रिल

संग्रहालय उद्या उघडतंय. मारितला सुट्टी नाही. म्हणाली, "तू जा. आपल्या उजव्या हाताचा फोटो आण. फ्रेम करून स्वयंपाकघरात लावू."

आपल्या! स्वयंपाकघरात! कुणाच्या, ते विचारायची हिंमत झाली नाही.

६ एप्रिल

डावा हात.

वीस मिनिटं समोर उभा होतो. दाराशी तिकीटवाल्या आजी पोस्टकार्डं विकत होत्या, त्यांवर उजवा. "अहो, ती साठ सालापासून उलटी छापलीत," हसत म्हणाल्या. "गावात सगळ्यांना माहीत आहे. आता कोण बदलतंय!" ट्रकमध्ये बसून तिन्ही साइट उघडल्या. तिन्ही चित्रांखाली तीच ओळ — जुन्या पोस्टकार्डावरून.

मारितचा तिसरा मेसेज आला. "फोटो?"