बायपासने नीलम ग्रहावर

५ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प : रविवार वाया घालवायचे नाहीत. सकाळीच संधी आली. सृष्टीने आपण होऊन विचारलं, बाबा, धायरीला येता का, अंतराळयुद्धाचा बोर्ड गेम आहे, चार जण लागतात, एक कमी पडतोय. आमची ही एकुलती एक मुलगी आयटीत आहे आणि घरात असते तेव्हा कानात काहीतरी खुपसून असते. ती आपण होऊन विचारते म्हणजे तिला अनुभवी नेतृत्वाची गरज भासली असणार. हो म्हटलं. सत्यशीला म्हणाली, जा, पण तिथे नीट बोला. मी नेहमीच नीट बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला हे अजून माहीत नाही.

रात्री.

यजमान प्रज्ञेश, सृष्टीच्या ऑफिसातला. मूळचा गोंदियाचा. बरोबर मोठी बहीण अक्षता, सरकारी नोकरीत, आणि आई प्रेमलाबाई. जेवणाच्या टेबलावर अख्खं आकाश अंथरलेलं. एका बाजूला मी आणि सृष्टी, दुसऱ्या बाजूला बहीणभाऊ. आमचं सेनापतिपद मी स्वीकारलं. दुसरं कोणी मागितलं नव्हतं. रसद सृष्टीकडे दिली, म्हणजे इंधनाचे टँकर. नियम असा की आरमार कितीही लांब जावो, इंधन आपल्याच ग्रहावरून यायचं आणि वाट मध्ये कुठे तुटता कामा नये. तुटली तर आरमार आहे तिथेच उभं. नियमांचं पुस्तक वाचलं नाही. पर्सोनेल खात्यात जन्म गेला, मी माणसं वाचतो.

१२ जानेवारी, रविवार

नवले पुलाच्या कोंडीत अडकलो, उशिरा पोचलो. पण गाडीत विचार करायला वेळ मिळाला.

शत्रूची राजधानी नीलम ग्रहावर. वाटेत कर्दम आणि तिमिर हे दोन किल्लेबंद ग्रह, दोन्हींवर अक्षताची फौज. सृष्टीचं मत, आधी कर्दम घेऊ, मग पुढे जाऊ. मी म्हटलं, कशाला? दोघांना वळसा घालून सरळ नीलम. राजधानी पडली की मागचे आपोआप शरण येतात. ती म्हणाली, नाही आले तर? मी तिला सांगितलं की आपण वारजेकर आहोत, पुण्याचा बायपास आपल्या दारावरून जातो, बायपास म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवू नये.

प्रज्ञेश हसला. दबाव आलेला माणूस असाच हसतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी प्रज्ञेश तिळगूळ घेऊन घरी. धायरीहून वारज्यापर्यंत कोणी तिळगूळ द्यायला येत नाही. योजना हुंगायला आला हे मी दारातच ओळखलं. बराच वेळ बसला. माझी नोकरी, माझे गुडघे, सगळं विचारून झालं. मग घसा खाकरून म्हणाला, काका, सृष्टीबद्दल थोडं बोलायचं होतं.

रसदप्रमुखाबद्दल शत्रूला काय बोलायचं असणार? त्याला पुढे बोलूच दिलं नाही. विषय बदलण्यासाठी सृष्टीच्या लग्नाचं काढलं. म्हटलं, सध्या तो प्रश्नच नाही, आणि येईल तेव्हा मुलगा इथलाच पाहणार, बाहेरून आलेल्यांचा भरवसा नसतो. आरमाराबद्दल अवाक्षर नाही. तो खाली बघत राहिला, चहा अर्धा टाकून गेला. पार नामोहरम.

सृष्टी जेवली नाही. कामाचा ताण.

१९ जानेवारी, रविवार

कूच! कर्दमला वळसा, तिमिरला वळसा. अक्षताने बोटसुद्धा उचललं नाही. चहा पीत बसली. हिला घाबरून मी आधी कर्दम घ्यावा असं सृष्टीचं म्हणणं होतं.

आज सत्यशीलाही आली. का, ते सांगितलं नाही. प्रेमलाबाईंनी सांबारवडी केली होती. त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सत्यशीलेला कृती हवी होती म्हणून दोघी स्वयंपाकघरात. मी तिला हळूच सांगून ठेवलं, त्यांना आतच गुंतवून ठेव, मुलांना सल्ला देतात. ती म्हणाली, ठेवते.

पहिल्यांदाच बायकोने माझ्या योजनेत सहभाग घेतला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सोसायटीत झेंडावंदन, दुपारी नीलमला वेढा. दिवस सार्थकी लागला.

सृष्टीने टँकरांच्या रक्षणासाठी लढाऊ जहाजं मागितली. उलट होती तीही मी पुढे बोलावून घेतली. मागे शत्रू आहे कुठे? कर्दम आणि तिमिर आठवडाभर गप्प आहेत. त्यावर ती म्हणाली,

“बाबा, माणसं गप्प आहेत म्हणजे ती नाहीत असं नसतं.”

वाक्य चांगलं आहे, म्हणून लिहून ठेवतो. इथे लागू नाही.

सत्यशीला आजही आली होती. आता तिला वडी येते.

२ फेब्रुवारी, रविवार

किरकोळ अडचण. कर्दममधून अक्षताची जहाजं बाहेर पडली आणि टँकर जाळले. उरलेले तिमिरवाल्यांनी जाळले. हे करताना ती मला वडी हवी का विचारत होती. सरकारी माणसं अशीच.

आमचं आरमार नीलमसमोर उभं. हलता येत नाही. तोफा एकदा उडवून झाल्या, दारूगोळाही टँकरातूनच येतो असं आज कळलं. सृष्टीने जळालेले टँकर मोजून डबीत भरले. तिला बोलता आलं असतं.

प्रज्ञेश म्हणाला, काका, वाट देतो, इंधनही देतो, आरमार घरी घेऊन जा. मी नकार दिला. शत्रूच्या पेट्रोलवर घरी परतलेला सेनापती मी तरी ऐकलेला नाही. शिवाय आपण राजधानीसमोर आहोत, तो नाही.

संकल्प : या आठवड्यात नियमांचं पुस्तक वाचायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक वाचलं नाही. दाढ दुखत होती.

माझी पाळी : पास. पुन्हा माझी पाळी : पास. इतक्या जवळ असूनही शत्रू आमच्यावर हल्ला करायला धजत नाही. प्रज्ञेशचं आरमार आम्हाला टाळून निघून गेलं, लांबून, वळसा घालून. धसका घेतलेला दिसतो. ते आमच्या ग्रहाकडे गेलं, पण तिथे सृष्टी आहे.

सृष्टी थोड्या वेळाने आत गेली. मग प्रज्ञेश गेला. मग अक्षताही, चहा बघते म्हणून. आत हसण्याचे आवाज. टेबल सोडून जाणं मला पटत नाही. मी पहारा दिला. चहा बाहेर आला तो गार होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

खेळ झाला नाही. टेबलावर ताटं. गोंदियाहून प्रज्ञेशचे मामा आलेले. नकाशा जहाजांसकट शोकेसवर ठेवला होता, अक्षताने एकही जहाज हलू दिलं नव्हतं. तेवढं तिचं मान्य करायला हवं. मामांनी तब्येत विचारली. सत्यशीला आणि प्रेमलाबाई एप्रिल, एप्रिल करत होत्या. मला वाटलं, सहल ठरतेय. मी म्हटलं, उन्हाळ्यात महाबळेश्वर बरं. प्रेमलाबाईंनी मला आणखी एक वडी वाढली.

परतताना सृष्टीने गाडी बाजूला घेतली.

“बाबा, मी प्रज्ञेशशी लग्न करतेय. तुम्हाला तो कळावा म्हणून दर रविवारी नेत होते.”

मी विचारलं, ठरवलं कोणी?

“आम्ही सगळ्यांनी,” मागून सत्यशीला म्हणाली. “तुम्ही नीलमला होतात.”

मी म्हटलं, मला कोणी विचारलं नाही. सृष्टी म्हणाली, संक्रांतीला तो विचारायलाच आला होता, तुम्ही त्याने विचारायच्या आधीच उत्तर दिलंत. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.



२३ फेब्रुवारी, रविवार

आज धायरीला जाणार नाही असं जाहीर केलं. कोणी आग्रह केला नाही. मायलेकी गेल्या.

प्रज्ञेश कसा आहे ते आठवून पाहिलं. त्याचं कुठलं जहाज कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. बाकी फारसं सांगता येईना. त्याचे वडील कधी गेले, विचारलं नाही. ऑफिसात नक्की काय करतो, माहीत नाही. माझा गुडघा दुखतो म्हणून पंख्याखालची मऊ खुर्ची तो दर वेळी मला द्यायचा. मी ती सेनापतीची समजत होतो.

दुपारी अक्षताचा फोन. म्हणाली, काका, शोकेसवर कपड्यांची खोकी ठेवायची आहेत, नकाशा आवरू का? मी म्हटलं, माझी पाळी बाकी आहे. ती म्हणाली, हो, पण सृष्टीचा ग्रह गेल्या डावातच पडला, तेव्हा तुम्हीही शरण आलात असं धरू का?

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

ती म्हणाली, घरचे सगळे इथेच आहेत, थांबा, विचारते. थांबलो. तिकडे बरेच आवाज.

“काका? काकू म्हणतात, धरा. आणि जेवायला थांबलोय, लवकर या.”

बरं म्हटलं.