जेवताना फक्त इंग्लिश

पेण,
१८ मे २०२५

चि. सुशील,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने, निशिगंधाने पाठवलेले वाल पोचले. बिरडं सुरेख झालं, तिला सांग. तुझ्या भावोजींची कंबर आता बरी आहे. गणपतीच्या कारखान्यात कामाचा नुसता रगाडा. परदेशच्या मूर्ती आत्ताच जायच्या असतात, त्यामुळे यांना जेवायला हाका मारून माझा घसा बसतो.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. तू फोनवर कुणाला बोलू देतोस का रे? धाटावच्या कंपनीत हुकूम सोडायची सवय, तीच बहिणीवरही चालवतोस.

तुझी लेक अपेक्षा इथे मजेत आहे. पण सुट्टीला आली तेव्हा कशी होती, ठाऊक आहे? ताटातला भात संपला तरी मागेना. "गो, आमटी वाढू?" म्हटलं तर नुसती मान. मला वाटलं, रुसली. मग हळूहळू बोलली. घरी जेवताना फक्त इंग्लिश, मराठीत मागितलं तर वाढायचं नाय, असा म्हणे तुझा नियम. चुकली की तू हसतोस, पाहुण्यांसमोर नक्कल करतोस. पोरीने मागणंच सोडलं. अर्धपोटी उठते, आणि तू म्हणतोस, नववीत गेल्यापासून घुमी झाली!

अरे बाबा, तुझा हेतू वाईट नाय. इंग्लिशवाचून तुझी बढती अडली, ते तुला सलतं, कळतं मला. पण आजार म्हशीला नि औषध पखालीला?

आता गंमत ऐक. मध्ये एकदा मी यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले, ही बरोबर होती. हे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असली की तिथे कुणी तोंड उघडत नाय, हात हलला तर देव तिरळा व्हायचा. तेवढ्यात लंडनच्या गिऱ्हाईकाचा व्हिडीओ कॉल. वाजतोय नि कुणी उचलत नाय, म्हणून हिने उचलला आणि बाहेर पडवीत आली. पलीकडे त्यांचा मुलगा, मराठीचा गंध नाय. त्याला सगळं हवं. सोंड डावीकडे का, शाडू म्हणजे काय, पाण्यात विरघळते का. ही अडखळत, हातवारे करत, पण सांगत सुटली!

तेव्हापासून परदेशचा प्रत्येक फोन तिच्याकडे. चुकते, हसते, पुन्हा बोलते. इथे तिला हसणारं कुणी नाय, कारण चूक कळण्याइतकं इंग्लिश आम्हाला येतंय कुठे? आणि जेवताना मराठीतली बडबड इतकी, की हे म्हणतात, "अगो, घास तरी गीळ!"

एवढं भराभर लिहिलं, पण खरं लिहायचं तेच टाळतेय.

त्या मुलाने शेवटी तिला विचारलं, तुझं घर कुठे. ही म्हणाली, "माय होम इज पेण."

तेवढं इंग्लिश मला कळलं रे. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आमच्या घरात लेकरू नाय, तुला माहीत आहे. आणि लगेच तुझा चेहरा आठवला.

घरी आल्यावर तिला विचारलं. दहावी इथेच करीन म्हणते. मी तुझ्या बाजूने भांडले हो! म्हटलं, बापाचा जीव आहे तुझ्यावर. तर म्हणाली, "आत्ये, मग मी हाय तशी त्यांना का चालत नाय गो?" म्हटलं, बापालाच विचारू. उत्तर तुझ्याकडेच असेल.

येत्या रविवारी ये. मी तिला गाडीत बसवून पाठवणार नाय, आणि तुझ्या माघारी ठेवूनही घेणार नाय. तिच्यासमोर बस, आपल्या भाषेत विचार, "घरी येतेस का?" जे बोलेल ते ऐकून घे. नाय म्हणाली तर रागावू नको. एकटा परत जायची तयारी ठेवूनच ये.

तिने हो म्हणावं म्हणून तुझ्यासाठी देवाला सांगणारी,
नि स्वतःसाठी काहीच न मागणारी,
तुझी
सरूताई