अर्ध्या भावातली जागा

मी, बर्नाडीन कोवालिक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दिवंगत रेमंड कोवालिक यांची पत्नी, राहणार लोरेन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी गोड बोलून माझ्याकडून काही लिहून घेतलेलं नाही. १९८७ साली एका मासिकातला छापील नमुना कापून मी जे मृत्युपत्र फुकटात केलं होतं, ते याद्वारे रद्द समजावं.

हा मजकूर मी जून महिन्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला आणि आज पूर्ण करत आहे. मधले चार महिने कुठे गेले ते सातव्या कलमात येईल. वकीलबाई म्हणाल्या, इतकं सविस्तर लिहायची गरज नसते. मी म्हटलं, मला आहे.

कलम १. माझ्या पश्चात सर्व व्यवहार माझी एकुलती एक मुलगी ग्वेन हिने पाहावेत. ती काटेकोर आहे. दुकानात जाते, लागेल तेवढंच घेते, दिलेल्या भावाला घेते आणि बाहेर पडते. तिची ही सवय मला वीस वर्षं टोचत आली. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे.

कलम २. तळघरातला साठा. फळ्या रेने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने ठोकल्या आहेत. त्यांवर टूथपेस्ट, साबण, मोहरीची चटणी, डबाबंद मका, कपडे धुण्याची पावडर वगैरे माल आहे. दर रविवारी वर्तमानपत्राबरोबर येणारी कूपनं कापून आणि दुकान कूपनाची किंमत दुप्पट धरतं त्या बुधवारी रांगेत उभं राहून मी हा माल जमवला. बराचसा फुकट पडला आहे. मोहरीच्या पन्नास बाटल्यांवर तर दुकानानेच मला सुट्टे पैसे परत दिले होते. आमच्या घरात मोहरी कोणी खात नाही. सर्व माल चर्चच्या अन्नकोठीला द्यावा, पण तारखा बघून. मुदत संपलेलं गरिबाच्या ताटात घालू नये.

कलम ३. शेजारीण श्रीमती प्रुइट यांना माझ्याकडची मुदत संपलेली सर्व कूपनं, बुटांच्या तीन खोक्यांसह, द्यावीत. रविवारी सकाळी माझ्या पेटीतल्या वर्तमानपत्रातून कूपनांची पानं कोण काढून नेतं हे मला १९९६ पासून माहीत आहे. खिडकीला पडदा असला तरी मला डोळे आहेत. त्यांनी ती सावकाश बसून वाचावीत.

कलम ४. कूपनांची जाड वही. हिच्यात प्लॅस्टिकचे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टीने नावं लावलेली आहेत. वही जाळून टाकावी. फक्त शेवटचा, नाव न लावलेला कप्पा आधी ग्वेनने स्वतः उघडावा. त्यात एक पिवळी चिठ्ठी आहे.

ती कसली, हे ग्वेनला माहीत नसेल, कारण अशा चिठ्ठ्या ती घेत नाही. सेलमध्ये लावलेली वस्तू संपली की दुकान अशी चिठ्ठी देतं. माल पुन्हा आला की ती दाखवायची, वस्तू त्याच सवलतीच्या भावाला मिळते. या चिठ्ठीवर तारीख आहे १६ नोव्हेंबर २००५, वार बुधवार. वस्तूच्या जागी लिहिलं आहे: विषारी वायूचा अलार्म, एक नग.

आता जे लिहिते ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. कबुलीच्या वेळी धर्मगुरूंनाही नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात रेचा धाकटा भाऊ एमिल आमच्याकडे तळघरातली, घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी तपासायला आला होता. घरोघरच्या भट्ट्या साफ करणं, दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता. रे हरणाच्या शिकारीला गेला होता. मी टेबलाशी बसून कूपनं कापत होते. एमिल तळघरातून वर आला, हात पुसले आणि म्हणाला, "बर्नी, भट्टी म्हातारी झालीय. आज चालतेय, पण मी तिची हमी देणार नाही. अशा भट्टीतून विषारी वायू सुटला तर वासही येत नाही. डिसेंबरात नवी बसवू. तोवर एक काम कर, वायूचा अलार्म आण आणि जिन्यात लाव. आजच्या आज."

"आजच कशाला? नोव्हेंबरात सेल लागतो त्याचा."

"अगं, हा काय टोमॅटोचा सॉस आहे का, सेलसाठी थांबायला?"

"तू तुझी भट्टी बघ. खरेदी माझ्यावर सोड."

"बरं. मग रेला मी सांगतो."

"मी सांगते ना," मी म्हटलं.

मी रेला सांगितलं नाही. विसरले म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर तो अंगावरचा कोटही न काढता गाडीत बसला असता आणि पूर्ण भाव देऊन आला असता. तो तसाच होता. म्हणून मी गप्प राहिले.

सेल लागला त्या आठवड्यात बुधवारी मी दुकानात गेले. सेलमधला अलार्म संपला होता. त्याच फळीवर, हातभर अंतरावर, दुसऱ्या कंपनीचा होता. एकोणचाळीस डॉलर. मी तो उचलला, ढकलगाडीत ठेवला, दुकानाच्या टोकापर्यंत नेला आणि परत आणून फळीवर ठेवला. मग काउंटरवर जाऊन चिठ्ठी घेतली. पोरगी म्हणाली, "माल सोमवारी येईल." सोमवार काही फार लांब नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मी टोलीडोला बहिणीकडे गेले. तिथल्या एका दुकानाचा सेल शनिवारी पहाटे उघडणार होता. दुपारी टॉवेलांचे सहा जोड घेऊन घरी परतले. घर छान उबदार होतं. रे टीव्हीसमोर खुर्चीत बसला होता, गाल लालसर. मला वाटलं झोप लागलीय. मी टॉवेल दाखवायला त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

कलम ५. रे वायूने गेला होता. घर तपासायला आलेल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "भट्टी शेवटची कोणी तपासली?" मी म्हटलं, एमिलने. "त्याने काही धोक्याचं सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "आठवत नाही." त्याने ते लिहून घेतलं.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात जेवण होतं. एमिल हालुष्कीची, म्हणजे कोबी घातलेल्या नूडल्सची, ताटली हातात घेऊन माझ्याकडे आला. ग्वेन माझ्या शेजारीच उभी होती. तो हळूच म्हणाला, "बर्नी, मी तुला अलार्मचं बोललो होतो ना? तू टेबलाशी बसली होतीस. कात्री होती तुझ्या हातात."

मी म्हटलं, "मला नाही आठवत, एमिल."

तेव्हा ग्वेन म्हणाली, "काका, बाबांना मातीत ठेवून तास झाला नाही. आता तरी खोटं बोलू नका."

एमिलने ताटली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. कोट खुर्चीवरच राहिला होता. तो न्यायला कोणी आलं नाही, म्हणून मी घरी आणला. जिन्याखालच्या कपाटात आहे.

ग्वेन, तू जे बोललीस ते माझ्या भरवशावर बोललीस. त्यात तुझी चूक नाही. खोटं मी बोलत होते. एमिलने मला नीट, स्पष्ट शब्दांत बजावलं होतं.

त्यानंतर लोरेनमध्ये एमिलला कोणी भट्टीला हात लावू दिला नाही. त्याने गाडी विकली, हत्यारं विकली. ग्वेनच्या लग्नाचं निमंत्रण त्याला गेलं नाही. पाकिटांवर पत्ते मी घातले होते. पुढे तो मी जात असे त्याच दुकानात, आवारात विखुरलेल्या ढकलगाड्या गोळा करायच्या कामाला लागला. दर बुधवारी दिसायचा. गावालगतच्या सरोवरावरून वारा सुटलेला असायचा आणि तो एक गाडी फडक्याने पुसून माझ्यासमोर धरायचा. "आज कॉफी निम्म्या भावात आहे, मागच्या रांगेत," असं काहीबाही सांगायचा. मला वाटतं, मी होऊन बोलेन म्हणून तो वाट बघत होता. मी "थँक्यू, एमिल" म्हणायचे आणि कॉफी घ्यायला जायचे. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, त्याने विचारलं, "अलार्मची बॅटरी बदलतेस ना?" मी होकारार्थी मान डोलावली. त्या दिवशी मी वही न उघडताच घरी आले.

दर नोव्हेंबरात मी एक अलार्म विकत घेतला आहे. पूर्ण भावाने, कूपन न लावता. तळघरात एकोणीस खोकी आहेत. सुरुवातीचा एक तेवढा जिन्यात लावला, बाकीची उघडलीच नाहीत. अशा अलार्मचीही मुदत असते हे मला उशिरा कळलं. निम्मे आता वाजणार नाहीत. जे वाजतील ते आमच्या गल्लीत ज्यांना हवेत त्यांना, श्रीमती प्रुइट यांनासुद्धा, लावून द्यावेत.

कलम ६. राहतं घर, आतल्या सामानासह, माझा दीर एमिल कोवालिक याला द्यावं. माझ्यामुळे त्याची रोजीरोटी आणि नाव दोन्ही गेलं. घराने नाव परत येत नाही हे मला कळतं. म्हणून हे मृत्युपत्र ग्वेनसमोर आणि एमिलसमोर, दोघांना एका टेबलाशी बसवून, मोठ्याने वाचावं.

कलम ७. वरचं कलम मी जूनमध्ये लिहिलं. वकीलबाई म्हणाल्या, ते काढून टाका, आता त्याला अर्थ उरलेला नाही. मी ते तसंच ठेवायला लावलं आहे.

त्याचं कारण असं. मे महिन्यात ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या फळ्यावर सूचना लागली होती: ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी वकील इथे येतील आणि निम्म्या फीमध्ये मृत्युपत्रं करून देतील. मी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली. जूनमध्ये कागद तयार होता. कोणत्याही वकिलाकडे जाता आलं असतं. वकिलाचीही गरज नव्हती. बुधवारी दुकानाच्या आवारात दोन वाक्यं बोलले असते तरी झालं असतं. पण मी म्हटलं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

एमिल ११ सप्टेंबरला गेला. कपडे धुण्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत. दोन दिवस कामावर आला नाही म्हणून खोलीच्या मालकाने दार उघडलं. मला बुधवारी कळलं, दुसराच माणूस गाड्या गोळा करताना दिसला तेव्हा.

मी पुन्हा तेच केलं. वीस वर्षांत मी काहीही शिकले नाही.

आता घर ग्वेनने घ्यावं, हे वाचूनही तिला हवं असेल तर. नको असेल तर विकावं आणि आलेली सर्व रक्कम ज्यांना परवडत नाही त्यांच्या भट्ट्या बदलण्यासाठी चर्चकडे द्यावी. त्या कामाला एमिलचं नाव असावं, माझं नसावं.

कलम ८. स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात पूर्ण पान घ्यावं, कूपनांच्या पानांच्या समोरचं, म्हणजे लोक ते बघतील. त्यावर छापावं: एमिल कोवालिक याने २००५ साली वेळेवर इशारा दिला होता. त्याच्या भावाच्या बायकोने तो ऐकला आणि लपवला. खाली माझं नाव पूर्ण लिहावं. जाहिरातीच्या दरात घासाघीस करू नये.

कलम ९. माझं दफन. दफनभूमीत रे आणि मी १९९१ साली जोडीने जागा घेतल्या होत्या. एक पूर्ण भावाने, शेजारची अर्ध्या. रे तेव्हा हसून म्हणाला होता, "अर्ध्या भावातली तुझी, म्हणजे तुला शांत झोप लागेल." ती जागा मी गेल्या महिन्यात एमिलला दिली. तो आपल्या भावाशेजारी आहे. माझ्यासाठी दुसरी कुठलीही जागा, मागेल त्या किमतीला घ्यावी. रेपासून लांब असली तरी चालेल. लांबच असावी.

एमिलला मातीत ठेवलं तेव्हा मी, ग्वेन, धर्मगुरू आणि दुकानातली दोन पोरं एवढेच होतो. ग्वेन माझ्यासाठी आली होती, त्याच्यासाठी नव्हे. परत येताना गाडीत तिने विचारलं, "आई, तुझी जागा त्याला का दिलीस? बाबांच्या शेजारी, त्या माणसाला?"

मी म्हटलं, "शनिवारी सांगते."

हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूपर्यंत बंद पाकिटात ठेवायचं असतं, असं वकीलबाईंनी मला समजावलं. मी ते ठेवणार नाही. ग्वेननेच मला इथे आणलं आहे. ती बाहेर आवारात गाडी सुरू ठेवून बसली आहे, कारण मला थंडी सोसत नाही. सही झाली की पहिली प्रत तिच्या हातात देईन आणि ती वाचून होईपर्यंत शेजारच्या सीटवर बसून राहीन. तिने उतर म्हटलं तर उतरेन.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे आणि तो खरा आहे. निम्म्या फीची सवलत मी नाकारली. पूर्ण फी भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

सही: बर्नाडीन कोवालिक

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही आणि ज्यांच्या समक्ष ही सही झाली:

१. लोरेटा हॅम्लिन, रोखपाल, वय ५९. (दर बुधवारी माझी कूपनं हीच मोजत असे. सही करताना रडली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.)

२. डेनिस ओर्टेगा, केंद्राचे व्यवस्थापक, वय ४४.

स्थळ: ज्येष्ठ नागरिक केंद्र, लोरेन, ओहायो
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५, शनिवार