कंपनीचा मेल, माझा फोन

सोमवार, ९ जून. संध्याकाळी ७
टूलरूम इन्चार्जची जागा निघाली. एकोणीस वर्षं चाकणला याच कंपनीत डाय, म्हणजे मशीनचे साचे, दुरुस्त करतोय. जागा माझीच. अर्ज मात्र कंपनीच्या मेलवरून, शुक्रवारी पाचच्या आत. त्यासाठी कंपनीचं मेलचं ॲप फोनमध्ये बसवायचं. ऑफिसातल्या निशिगंधानं सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. आयडी, पासवर्ड, सर्व्हर, पोर्ट. म्हणाली, काका, फोन द्या, दोन मिनिटांत करून देते. नको म्हटलं. उद्याच्या इन्चार्जनं असली मदत घ्यायची? पंधरा मिनिटांचं काम. जेवून करतो.

मंगळवार, १० जून
काल जेवल्यावर डोळा लागला. विश्रांती हाही तयारीचाच भाग.
सकाळी कंपनीच्या बसमध्ये ॲप उघडलं. इनकमिंग सर्व्हर, आउटगोइंग सर्व्हर. एक अर्ज पाठवायला दोन सर्व्हर कशाला? भोसरी ते मोशी सगळं भरलं. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा.' नेटवर्कचा दोष.
शेजारी रंगराव. समोरच्या मशीनवर असतो. तोही अर्ज करतोय म्हणाला. त्याचं ॲप निशिगंधानं बसवून दिलं. बिचारा. आपल्याला काही येत नाही हे जाहीर करून बसला.

बुधवार, ११ जून. सकाळी ६.१५
ताज्या डोक्यानं अकरा वेळा पासवर्ड टाकला. खातं चोवीस तासांसाठी बंद. विजयश्री म्हणाली, त्या पोरीला विचारा की. बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.
संकल्प: उद्या सगळं काढून मुळापासून सुरुवात.

गुरुवार, १२ जून
मुळापासून काढलं. कंपनीचं खातं राहिलं बाजूला, माझं घरचं जीमेल उडालं. त्याबरोबर फोनमधली सगळी नावं. दुपारी एका नंबरवरून फोन आला. कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारलं. विजयश्री होती. संध्याकाळी तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि मगच भाजी वाढली.
फायदाही झाला. नको ती माणसं आपोआप गेली.

शुक्रवार, १३ जून. दुपारी ४.२०
चाळीस मिनिटं राहिली. अर्ज कागदावर लिहून मॅनेजर कुलदीपसाहेबांकडे नेला. ते ट्रेनी म्हणून आले तेव्हा कानस कशी धरायची ते मी शिकवलं होतं. म्हणाले, मेलवरच लागेल, सोपानराव. परत पासवर्ड टाकला, बोटं भलत्याच अक्षरांवर पडली. याच बोटांना डायवरचा केसाएवढा फरक कळतो. तोंड धुऊन आलो. काही झालं तरी निशिगंधाकडे जाणार नाही.

४.५८
निशिगंधाकडे गेलो. म्हटलं, ॲपमध्ये दोष आहे, दाखवायला आलोय. तिनं चिठ्ठी पाहिली, फोन पाहिला. म्हणाली, काका, आयडीत 'पी'नंतरचा 'ए' नाहीये, तुम्ही टाकताय. म्हटलं, ऑफिसची चूक होती, मी सुधारली. ती म्हणाली, रेकॉर्डला पहिल्यापासून असंच आहे. म्हणजे एकोणीस वर्षं मी इथं सोप्नराव आहे. ती हसली नाही. तेच जास्त लागलं.
४.५६ ला अर्ज गेला. लिहिला तिनं, पण बटण मी दाबलं.

मंगळवार, १७ जून
मुलाखत. कुलदीपसाहेब म्हणाले, काम तुमचं माहीतच आहे. पण आता डाय तुटली की मशीनजवळूनच ग्राहकाला मेल जातो, फोटोसकट. आत्ता मला एक पाठवून दाखवा. ॲप उघडलं. पुढं कुठं दाबायचं तेच सुचेना. घाम स्क्रीनवर पडला, कॅमेरा सुरू झाला, माझाच चेहरा दिसायला लागला. बंदही होईना. साहेबांनी पाणी मागवलं.
पाणी मागवलं म्हणजे मान आहे. निवड नक्की.

गुरुवार, १९ जून
रंगराव इन्चार्ज झाला. मेल सगळ्यांना आला. मी स्वतः उघडून वाचला, दोनदा.
चहाच्या सुट्टीत त्याला मेल लिहिला. 'अभिनंदन रंगराव.' कुणाला विचारलं नाही. चहा निवला. आयुष्यातला माझा पहिला मेल. तो पाच पावलांवर उभा होता. खिशातून फोन काढला, वाचला. हात पुसत आला आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला, पोचला राव.
घरी विजयश्रीनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, मेल चालू झाला.